चित्र गेलं, आवाज राहिला

पहिल्या भागाची सुरुवातीची दोन-तीन मिनिटं मी डोळे मिटून ऐकली. समोर टीव्ही चालू होता, पडद्यावर माणसं हलत होती, पण मला आधी आवाज हवा होता. १९६६ च्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी इंग्लंडमधल्या कुणाच्या तरी घरात टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलेला तो आवाज. मधे काही नको म्हणून गोरेगावच्या मे महिन्यात मी पंखासुद्धा बंद केला होता. आई आतून म्हणाली, "अरे, लाईट गेले का?"

डीव्हीडी भाचीने लंडनहून आणली. 'डॉक्टर हू : द पॉवर ऑफ द डेलेक्स', सहा भाग, २०१६ च्या नोव्हेंबरात निघालेली. कितीतरी वर्षं हवी होती. ब्रिटनची डीव्हीडी दोन नंबरच्या रीजनची, आपली पाच नंबरची, त्यामुळे साध्या प्लेअरवर ती लागत नाही. माझ्याकडे लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला एक जुना प्लेअर आहे. दुकानदाराने घेतानाच रिमोटवरून चार-पाच आकडे दाबून त्याचं कुलूप काढून दिलं होतं. तेव्हापासून तो कुठल्याही देशाची तबकडी बिनतक्रार वाजवतो. त्या प्लेअरवरची धूळ पुसली आणि बसलो.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडंसं. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला ती सुरू झाली, आणि मधली काही वर्षं बंद होती तेवढी सोडली तर एकविसाव्या शतकातही चालू राहिली. दुसऱ्या ग्रहावरचा एक प्रवासी, स्वतःचं नाव कुणाला न सांगणारा, नुसता 'डॉक्टर'. पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारखं दिसणारं त्याचं यान काळात कुठेही जातं. बाहेरून कपाटाएवढं, आत वाडाभर जागा. आणि आपल्या माणसांनी अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट : या मालिकेचा अगदी पहिला भाग ज्याने दिग्दर्शित केला तो वारिस हुसेन लखनौत जन्मलेला. तेव्हा त्याचं वय पंचविशीच्या आसपास. पुढच्या वर्षी त्याने मार्को पोलोवरची सात भागांची कथा केली, त्यातले बहुतेक भाग त्याच्याच हातचे. त्या सातांपैकी आज एकही शिल्लक नाही.

'शिल्लक नाही' हा शब्द या मालिकेच्या बाबतीत फार वेळा येतो. पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले, त्यांतले नव्वदहून अधिक गेले ते गेलेच. आग नाही, पूर नाही. बीबीसीनेच पुसले. तेव्हाची व्हिडिओ टेप दोन इंच रुंद, भारी महाग, आणि पुसून पुन्हा वापरता येणारी. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा दाखवायचा तर कलाकारांच्या संघटनेशी केलेल्या करारांची बंधनं. त्यात रंगीत टीव्ही आला, मग कृष्णधवल भाग परदेशात तरी कोण विकत घेणार? लोक घरी बसून जुन्या मालिका हव्या तेव्हा लावून बघतील हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. साठचं दशक संपता संपता हे पुसणं सुरू झालं, आणि सत्तरचं दशक संपेपर्यंत चाललं. परदेशी चॅनेलांना विकलेल्या सोळा मिलिमीटरच्या फिल्मच्या प्रतींमुळे बरेच भाग वाचले. १९९२ मध्ये एका कथेचे चारही भाग हाँगकाँगहून मिळाले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस गावच्या टीव्ही केंद्रातून नऊ हरवलेले भाग निघाले, तेव्हा जगभरातले चाहते रडले होते. मीही त्यांतला एक.

'पॉवर ऑफ द डेलेक्स' मात्र कुठेच मिळाली नाही. सहाच्या सहा भाग नाहीत, आणि नेमकी हीच कथा नाही याचं दुःख मोठं आहे. कारण या मालिकेचं आयुष्य ज्या एका कल्पनेवर उभं आहे, ती इथे पहिल्यांदा पणाला लागली. पहिला डॉक्टर म्हणजे विल्यम हार्टनेल हा नट. त्याची प्रकृती ढासळली. आता मालिका बंद करायची की नट बदलायचा? लेखकांनी ठरवलं की हा परग्रहावरचा प्राणी आहे, देह थकला की तो नवा देह घेतो. २९ ऑक्टोबर १९६६ ला हार्टनेल जमिनीवर कोसळला आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटनचा चेहरा उमटला. पुढच्या शनिवारी, ५ नोव्हेंबरला, या कथेचा पहिला भाग. प्रेक्षक हा नवा माणूस स्वीकारतील की नाही, सगळं त्यावर होतं. जीर्ण वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा आत्मा देह बदलतो, हे आपण लहानपणापासून गीताईत ऐकत आलोय. शनिवारी संध्याकाळी चहा घेता घेता टीव्हीसमोर बसलेल्या ब्रिटिश पोरांना ते केवढं विलक्षण वाटलं असेल!

तो देहबदलाचा क्षण ज्या भागात आहे तो भागही हरवलाय. पण १९७३ मध्ये 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात त्यातला एक तुकडा दाखवला होता. तो कार्यक्रम जपला गेला, म्हणून तो क्षण वाचला. यापेक्षाही मला हलवून सोडणारी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. तिथल्या सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल म्हणून काही दृश्यं कापली. कापलेले तुकडे सरकारी दप्तरात नीट लावून ठेवले. १९९६ मध्ये ते सापडले. ज्या भागांतून ते कापले ते भाग आज नाहीत, कापलेलं तेवढं आहे.

तर मग चित्र नसताना ही डीव्हीडी निघाली कशी? आवाजामुळे. मालिकेच्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. एकही अपवाद नाही. आणि तो बीबीसीने जपलेला नाही, पोरांनी जपलेला आहे. टीव्हीसमोर माइक धरून, घरच्यांना गप्प बसवून, काही हुशार पोरांनी टीव्हीला थेट वायर जोडून, आठवड्यामागून आठवडे टेप केलेला. पुन्हा बघायला मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं, निदान पुन्हा ऐकू तरी, एवढाच त्यांचा हेतू.

आवाजाबरोबर फोटोही आहेत. जॉन क्युरा नावाच्या माणसाचा धंदाच हा होता : टीव्हीसमोर कॅमेरा लावून पडद्याचे फोटो काढायचे आणि नटांना, दिग्दर्शकांना विकायचे. आपण पडद्यावर कसे दिसलो हे बघायचा तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. एका भागाचे साठ-सत्तर बारके फोटो. त्यांतले कितीतरी नव्वदच्या दशकात बीबीसीच्या जुन्या कागदपत्रांत सापडले. आवाज, फोटो आणि शूटिंगची संहिता हाताशी घेऊन २०१६ मध्ये सहाही भाग अ‍ॅनिमेशनमध्ये नव्याने उभे केले. पन्नास वर्षांनी, ५ नोव्हेंबरलाच, पहिला भाग लोकांसमोर आला.

आता अ‍ॅनिमेशनविषयी. माणसांचं चालणं जमलेलं नाही. कुणी खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला गेला की कठपुतळीची आठवण येते, पाय जमिनीला टेकतच नाहीत. म्हणून बहुतेक वेळा माणसं कमरेच्या वरचीच दिसतात. हात फारसे हलत नाहीत. सगळ्यात जास्त खटकतो तो ट्राउटनचा चेहरा. जिथे त्याचं काम वाचलंय तिथे बघा, त्या माणसाचं अख्खं तोंड बोलतं. कपाळाच्या आठ्या, गालांच्या वळ्या, खालचा ओठ, सगळं एकाच वाक्यात तीनदा बदलतं. इथे भुवया वर-खाली होतात आणि डोळे डावी-उजवीकडे फिरतात. त्याच्या आवाजात जेवढं घडतं त्याचा चौथा हिस्साही चेहऱ्यावर येत नाही. पैसा आणि वेळ दोन्ही कमी होते हे दिसतं.

पण डेलेक! डेलेक म्हणजे लोखंडी टोपल्यात बसलेले द्वेषाचे गोळे, मालिकेतले सगळ्यात जुने शत्रू. त्यांना हातपाय नाहीत, चेहरा नाही, पुढे एक नळी आणि वर एक डोळा. अ‍ॅनिमेशनची जी मर्यादा ती यांच्या अंगाला बरोबर बसते. ते मुळातच घसरत चालतात. दुसऱ्या भागाचा शेवट मी चारदा मागे नेऊन पाहिला. व्हल्कन नावाच्या ग्रहावर माणसांची वसाहत आहे. लेस्टरसन नावाच्या शास्त्रज्ञाने मेलेला डेलेक वीज देऊन जागा केलाय. डॉक्टर जीव तोडून सांगतोय, हा सगळ्यांना मारेल, ऐका माझं. आणि तो डेलेक डोळा डॉक्टरकडे वळवून म्हणतो, मी तुमचा सेवक आहे. पुन्हा तेच. पुन्हा. डॉक्टरचा आवाज चढतो, डेलेकचा त्याच्यावर चढतो, शेवटी माणसाचं बोलणं बुडून जातं. हा प्रसंग चित्राशिवायही अंगावर येतो. चित्रामुळे एक गोष्ट कळते : डेलेकचा डोळा सगळ्यांना सोडून डॉक्टरवरच खिळलेला. नव्या देहात त्याला त्याच्या मित्रांनीही नीट ओळखलेलं नाही. बेन संशय घेतोय, पॉली विश्वास ठेवायचा प्रयत्न करतेय. ओळखलंय ते शत्रूने. डेव्हिड व्हिटेकरच्या लेखनातली ही खूण केवढी खोल आहे! माणूस तोच आहे याची साक्ष वैऱ्याने द्यावी.

चौथ्या भागाच्या अखेरीस डेलेकांचा कारखाना दिसतो. पट्ट्यावरून रिकामी टोपली येतात, आत गोळा ठेवला जातो, वरून झाकण, पुढचं टोपलं. लेस्टरसन लपून बघतोय. ती भूमिका करणारा रॉबर्ट जेम्स मी आधी कधी ऐकलेला नव्हता. सहा भागांत हा नट हुशार, उतावळ्या, जराशा गर्विष्ठ माणसापासून पूर्ण वेडापर्यंत जातो, आणि ते सगळं आवाजातून. सहाव्या भागात तो डेलेकांबद्दल जवळजवळ भक्तीने बोलायला लागतो, तेव्हा पंखा बंद असलेल्या खोलीतही माझ्या हातावर काटा आला. त्या माणसाचं एवढं मोठं काम टेप पुसताना गेलं. कान लावून बसणारी पोरं नसती तर त्याने असं काही केलं होतं हेही कुणाला कळलं नसतं.

कथा रंगीत स्वरूपातही आली. माझं ऐकाल तर कृष्णधवलच बघा. रंग आला की रेषेचा पोकळपणा उघडा पडतो. काळ्या-पांढऱ्यात सावल्या बरंच झाकून घेतात, आणि आवाजाचा काळही त्याच्याशी जुळतो. एका बैठकीत सहा भाग बघू नका. रोज एक, जेवणाआधी. मालिका होती ती, आठवडाभर वाट बघायला लावणारी.

चौथ्या रात्री आई येऊन बसली. तिला इंग्रजी फार समजत नाही, वय अठ्ठ्याहत्तर. पडद्यावरचा तो बुटका डॉक्टर प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसलं की खिशातली छोटी बासरी काढून वाजवत बसतो, ते तिला आवडलं. मी तिला सगळं सांगितलं, चित्र कसं गेलं, आवाज कसा राहिला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबांसारखंच की."

मी ते सहा भाग बघताना मनात दुसरं काही नव्हतंच, पण तिने म्हणेपर्यंत मी ते उच्चारलं नव्हतं.

गिरगावात आमची दोन खोल्यांची जागा होती. काकांनी कुवेतहून टेपरेकॉर्डर आणून दिला, काळा, पुढे उचलायचं हँडल आणि बटणांची रांग. टीव्ही शटरचा, लाकडी दारं दोन्ही बाजूंना सरकणारा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आमच्याकडे टीव्ही आला त्यानंतर सहा-सात वर्षांनी. 'गजरा' लागला की मजल्यावरची निम्मी बिऱ्हाडं आमच्या बाहेरच्या खोलीत. बाबा टीव्हीच्या स्पीकरसमोर स्टूल ठेवायचे, त्यावर चौघडी घातलेला टॉवेल, त्यावर टेपरेकॉर्डर. टॉवेल कशाला, तर लाकडाचा कंप माइकमध्ये जाऊ नये म्हणून. मग ते वळून सगळ्यांकडे बघायचे. ओठांवर बोटसुद्धा ठेवायचे नाहीत, नुसतं बघायचे. खोली गप्प व्हायची. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. अर्ध्या तासाच्या आसपास खट् वाजायचं, बाबा झडप घालून कॅसेट उलटायचे. तेवढ्यात एखादं वाक्य निसटायचं आणि त्यांना दिवसभर चुटपूट लागून राहायची.

फिलिप्सने कॅसेट पहिल्यांदा लोकांना दाखवली तीही १९६३ मध्येच, हे मी नंतर कधीतरी वाचलं, तेव्हा उगीचच आनंद झाला होता.

गिरगावाचं नाव निघालं म्हणून सांगतो. आम्ही राहायचो तिथून चालत दहा मिनिटांवर मॅजेस्टिक टॉकीज होतं, १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' तिथेच लागला. हिंदुस्थानचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज नाही. फोटो आहेत, जाहिराती आहेत. जो सिनेमा बोलला म्हणून रस्त्यावर गर्दी मावेना, त्याचा आवाजच राहिला नाही. तिथे कुणाच्या हातात टेपरेकॉर्डर असणं शक्यच नव्हतं. तरी मला प्रत्येक वेळी त्या नाक्यावरून जाताना वाटतं, असता तर.

बाबांच्या कॅसेट चाळीस-एक होत्या. पुठ्ठ्यावर त्यांच्या बारीक, तिरक्या अक्षरात तारीख आणि कार्यक्रम. कॅसेटच्या पाठीला दोन प्लास्टिकचे चिमुकले तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. बाबा प्रत्येक कॅसेटचे दोन्ही तुकडे करवतीच्या पात्याने अलगद काढायचे. मी बारा वर्षांचा असताना बुधवारी रात्री बिनाका गीतमाला टेप करायची म्हणून त्यांतली एक कॅसेट घेतली, पाठीच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि गाणी भरली. भोकावर पट्टी लावली की यंत्र फसतं हे शाळेतल्या मुलांना माहीत होतं. बाबांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. कॅसेट हातात घेऊन पट्टी काढली, ती नखाने गोळी करत बसले आणि म्हणाले, "मला विचारायचं होतंस, कोरी दिली असती." एवढंच.

म्हणून बीबीसीतल्या त्या टेप पुसणाऱ्या माणसांवर मला राग धरता येत नाही. त्यांना पुढच्या आठवड्याचा कार्यक्रम टेप करायचा होता.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या बऱ्याच कॅसेट पावसाळ्यांनी खाल्ल्या, टेपला पांढरी बुरशी धरली. काही मी एका दुकानात संगणकावर उतरवायला दिल्या, त्यांतल्या दोन परत आल्या नाहीत. सतरा नीट आहेत. आईने विषय काढला त्या रात्री डीव्हीडी थांबवून आम्ही त्या कपाटातून काढल्या. गीतमालेची कॅसेट वर आली. मी ती बाजूला ठेवत होतो, आई म्हणाली, "ती लाव."

लावली. अर्ध्याहून जास्त बाजू गाणी. मग मी तेव्हा मधेच थांबवलं असणार, कारण एक खरखर झाली, आणि खालचा जुना आवाज वर आला. शेवटची तीन-चार मिनिटं. 'गजऱ्या'तला कुठला तरी विनोदी तुकडा, शब्द अंधुक. त्यावर खोलीतली माणसं हसत होती. जोशीकाकू हसताना खोकायच्या, तो खोकला. आतून कुकरची शिट्टी, आणि आईचा तरुण आवाज, "बंद करते, बंद करते." आई हे ऐकून हसली आणि पदर डोळ्यांना लावला.

"बाबांचा आवाज कुठेच नाही गं," मी म्हणालो. खरंच नव्हता. सतराच्या सतरा कॅसेटींत नाही, मी आधी शोधलाय.

"कसा असेल," आई म्हणाली. "टेप चालू असेपर्यंत ते श्वाससुद्धा जपून घ्यायचे."

टेपवर पुन्हा हशा झाला, कार्यक्रम संपल्याचं संगीत सुरू झालं, कुणीतरी उठताना भांड्याला धक्का लागला. मग बटण दाबल्याचं खट्. आईने हात वर करून मला थांबवलं.

"हे बघ, हे ते," ती म्हणाली. "परत लाव."